इन्स्पेक्टरच्या पायाचं गाऱ्हाणं

डिचोलीच्या बाजारात मासळी मार्केटच्या अगदी समोर चंद्रावतीचं भाजीपावाचं दुकान होतं. जागा घेतली तेव्हाच चार शहाण्यांनी तिला बजावलं होतं की समोर मासळी आणि मागे गटार असलं की तिथे गिऱ्हाईक बसत नाही, माश्या बसतात. शहाण्यांचं म्हणणं खरं ठरलं. पहिले सहा महिने तिची पातळभाजी माणसांपेक्षा माश्यांनीच जास्त चाखली. नवरा कृष्णनाथ आमोण्याला खनिजाच्या बार्जवर कामाला होता. तो रविवारी घरी यायचा, रिकामी बाकडी बघायचा आणि म्हणायचा, "बंद कर गो ह्यां दुकान." पण चंद्रावती दोडामार्गाकडची. माहेराहून तिनं दागिने फारसे आणले नव्हते, हट्ट मात्र भरपूर आणला होता.

मग एका सकाळी जळणाच्या मोळीतून घोयरा आला. घोयरा म्हणजे रंग बदलणारा सरडा, वीतभर लांब, गुंडाळलेल्या शेपटीचा आणि एक पाऊल टाकायला चार वेळा विचार करणारा. आमच्याकडे लोक त्याला बघितलं की दगड उचलतात. चंद्रावतीनंही चुलीतलं लाकूड उचललं होतं. तेवढ्यात त्यानं तोंड उघडलं आणि हातभर लांब बसलेल्या माशीवर जीभ फेकली. माशी गेली. चंद्रावतीनं लाकूड परत चुलीत घातलं, अंगणातली जास्वंदीची एक फांदी तोडून आणली आणि कपाटाच्या काचेवर, कढईच्या वरच्या बाजूला बांधून त्याला तिच्यावर बसवलं.

त्याचं नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नाही. एक डोळा कढईकडे आणि दुसरा गिऱ्हाइकाकडे, दोन्ही आपापल्या दिशेनं फिरणारे. असा प्राणी डिचोलीत फक्त सरकारी खात्यात बघायला मिळायचा, म्हणून तो 'इन्स्पेक्टर' झाला. तो दिवसाला माश्या खाऊन खाऊन खाणार किती? पंधरा-वीस खाल्ल्या की सुस्त व्हायचा. पण त्याची जीभ बघायला माणसं यायला लागली. खनिजाच्या ट्रकांवरचे ड्रायव्हर वाट वाकडी करून थांबायचे, शाळेचे मास्तर यायचे, मासळी घ्यायला आलेल्या बाया पिशवी सांभाळत उभ्या राहायच्या. उभं राहिलेलं माणूस बसतं, आणि बसलेलं माणूस खातं. वर्षभरात दुकानाला बाकडी पुरेनात.

चंद्रावती हे विसरली नाही. पहाटे पोदेर, म्हणजे पाववाला, उंडे पाव टाकून गेला की ती चूल पेटवायच्या आधी देवाला हात जोडायची आणि लगेच फांदीकडे वळून इन्स्पेक्टरलाही जोडायची. "ह्येच्या पोटात माशी जाता तेवा माझ्या पोटात भात जाता," असं ती सगळ्यांना सांगायची. त्यात तिला काही लाज वाटत नव्हती.

एकदा तो फांदीवरून घसरला आणि उकळत्या तेलापासून दोन बोटांवर पडला. त्या दिवशीच तिनं त्याच्या मागच्या पायाला दोरा बांधला आणि दुसरं टोक फांदीला. फुलं ओवायचा मऊ दोरा होता. तिनं तो मायेनं बांधला, मग महिनाभर त्या दोऱ्याकडे बघितलंच नाही.

आता भिरंडेलाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ त्याच्यातच झाला. भिरंड म्हणजे कोकम. त्याच्या बिया वाळवून, कुटून, उकळून वर जे पांढरं घट्ट तेल येतं ते भिरंडेल. दर मे महिन्यात चंद्रावती त्याचे मुठीएवढे गोळे वळायची. टाचेला भेगा पडल्या, ओठ फुटले, हात भाजला, काही झालं की बाजारातली माणसं तिच्याकडे यायची. ती ते विकत नसे, वाटत असे. भाजीपाव काय, कुणीही करील. पण चंद्रावतीचं भिरंडेल म्हणजे डिचोलीत शेवटचा शब्द होता. खाणीवरच्या लाल चिखलात काम करणारे अर्धे पाय तिनं बरे केले होते. ह्या गोष्टीचा तिला दुकानापेक्षा जास्त अभिमान होता. माणसाला कुठल्या गोष्टीचा गर्व होईल ते सांगता येत नाही.

श्रावणात हवेला ओल आली आणि इन्स्पेक्टरचा पाय सुजला. बघितलं तर दोरा कातडीत रुतलेला, भोवती राखाडी चट्टा, कडेला फोड. चंद्रावतीनं दोरा सैल केला, पण आत रुतलेला धागा काही तिला निघाला नाही. मग तिनं जे ती सगळ्यांना करायची तेच केलं. चुलीपाशी भिरंडेल पातळ केलं आणि पायावर, पोटाला, जिथे जिथे चट्टा दिसला तिथे चोपडलं. दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी परत. इन्स्पेक्टर नव्या भांड्यासारखा चकाकायला लागला आणि ती खूश झाली. पण चकाकीच्या खाली चट्टा पसरत होता. आठवड्यानं त्याला वास यायला लागला. माशी नाकासमोर बसली तरी तो जीभ काढीना, आणि भर दुपारी डोळे मिटून काळाठिक्कर पडून राही.

"वैनी, ह्येका गुरांच्या दवाखान्यात न्हे," ट्रकवाल्या महादेवनं सांगितलं. "थंय नवी डॉक्टरीण इली आसा."

नवी डॉक्टरीण म्हणजे सुविधा. पेडण्याची मुलगी, मुंबईला शिकून आलेली. गोव्याला राज्य होऊन दोन वर्षं झाली होती, नव्या नेमणुका होत होत्या, त्यात ती डिचोलीला आली. लोक म्हैस घेऊन यायचे आणि तिलाच विचारायचे, "डॉक्टर खंय गेलो?" ती म्हणायची, "मीच," आणि लोक म्हशीकडे असं बघायचे की जणू म्हशीचीच त्यांना दया येतेय. अशा जागी चंद्रावती रोवळीत सरडा घेऊन पोचली.

सुविधा हसली नाही. तिनं रोवळीवरचं फडकं काढलं, उजेडात नेऊन बराच वेळ बघितलं आणि सरळ सांगितलं, "मावशी, घोयऱ्याला मी कधी औषध दिलेलं नाही. आम्हाला शिकवलंही नाही. पण कातडी ती कातडी. प्रयत्न करते." बारीक कात्रीनं तिनं आत रुतलेला धागा काढला. मग विचारलं, "याला घरी काही लावलं होतं का?"

दाराबाहेर बाकावर तीन बाया बसल्या होत्या. तिघींच्याही टाचा चंद्रावतीच्या भिरंडेलानं बऱ्या झाल्या होत्या.

"नाय गो," चंद्रावती म्हणाली. "काय एक नाय लावूक."

सुविधानं औषध दिलं. पाण्यात घालून कोऱ्या चहाच्या रंगाचं करायचं, दोन वेळा जखम धुवायची, वर मलम अगदी पातळ. जागा कोरडी हवी, सकाळचं ऊन हवं, कढईच्या वर बसवायचं नाही आणि पुन्हा बांधायचं तर मुळीच नाही. चंद्रावतीनं मान हलवली आणि सगळं तसंच्या तसं केलं. मागच्या अंगणात जास्वंदीवर त्याला ठेवलं, वर पावसाला आडोसा केला. औषधाच्या पाण्यानं धुतलं, मलम लावलं. आणि मग, हात पुसता पुसता, वरून थोडं भिरंडेलही लावलं. डॉक्टरचं डॉक्टरकडे, आपलं आपल्याकडे. इतक्या माणसांना बरं करणारा हात एका सरड्यापाशी थांबेल कसा?

पाच दिवसांनी पाय आणखी वाईट झाला. सुविधाच्या कपाळाला आठी पडली. "मावशी, सुई द्यावी लागेल. पण माप वजनावर ठरतं आणि माझा काटा गुरांचा. ह्याला सोनाराकडे नेऊन वजन करून आणा."

डिचोलीच्या सोनारानं आयुष्यात बरंच काही तोललं होतं, पण त्या दिवशी त्यानं पारडं आधी दोनदा पुसून घेतलं. तराजूच्या पारड्यात इन्स्पेक्टर बसला, एक डोळा सोनाराकडे आणि एक वजनांकडे लावून. दुकानाबाहेर निम्मा बाजार जमला. चिठ्ठीवर वजन लिहून घेऊन चंद्रावती परत गेली, आणि सुविधानं केसासारख्या सुईनं थेंबभर औषध टोचलं. टोचताना तिनं स्वतःचा श्वास धरून ठेवला होता, ते चंद्रावतीला दिसलं.

"खरंच काही लावत नाही ना?" सुविधानं पुन्हा विचारलं.

"तुझा मलम सोडून काय नाय," चंद्रावती म्हणाली. पहिलं खोटं जड जातं, दुसरं मात्र आपसूक जिभेवर येतं.

आणखी चार दिवसांनी मागच्या पायाची दोन बोटं काळी पडली. दवाखान्यातला गुरुदास, जो पट्ट्या बांधायचा आणि डॉक्टरणीवर मत द्यायचा, दारातून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "जुने डॉक्टर असते तर हे इतकं झालंच नसतं." सुविधानं त्याच्याकडे बघितलं नाही. तिनं दार लोटून घेतलं, टेबलापाशी आली आणि हळू आवाजात बोलायला लागली.

"मावशी, ही दोन बोटं जातील. कदाचित पाय जाईल. कदाचित..." ती थांबली. "माझंच काहीतरी चुकतंय. रोज रात्री वह्या काढून बघते. औषध बरोबर आहे, माप बरोबर आहे. माझ्या सरांना पत्रसुद्धा लिहिलं. मग हे सडतंय का? मला येत नव्हतं तर मी हात लावायला नको होता." तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तसं ती पटकन कापूस शोधायला वळली.

चंद्रावतीनं रोवळीत बघितलं. इन्स्पेक्टर डोळे मिटून पडला होता. दुकान भरलेलं, घरात भात असलेला, सगळं ह्या मुठीएवढ्या जिवामुळे. आणि तो कुजत होता तो तिच्या हातानं. कुंपणानं शेत खाल्लं होतं, आणि वर राखणदाराला रडायला लावलं होतं.

"चुकला तुझा नाय गो, बाय," ती म्हणाली. "मी लावतंय. भिरंडेल. पयल्यापासून लावतंय. तुझ्या मलमाच्या वर रोज लावतंय. दोनदा तू इचारलंस, दोनदा मी खोटां सांगलंय."

सुविधा कापूस हातात धरून उभी राहिली. आता ही ओरडणार, आता दार उघडून गुरुदासला आत बोलावणार, आता बाहेरच्या बाकाला कळणार; चंद्रावती सगळ्याची तयारी करून उभी होती. पण सुविधाच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. "म्हणजे औषध लागतच नव्हतं," ती म्हणाली. "वरून तेलाचं झाकण, आत ओल, आत पू. देवा रे! मग अजून आशा आहे, मावशी. खूप आशा आहे." आणि बाह्या सरसावून तिनं कोमट पाण्याची वाटी मागवली.

पाऊण तास ती पिंजलेल्या कापसानं भिरंडेलाचा थर काढत होती. काळी बोटं काढली, पू काढला, जखम उघडी केली. मध्येच म्हणाली, "भिरंडेल वाईट नाही हं. कोरड्या भेगेला त्याच्यासारखं काही नाही. माझी आईसुद्धा लावते. फक्त पुवावर झाकण नको." चंद्रावतीला रडू फुटलं ते तेव्हा. शिव्या खायला ती तयार होती, समजुतीच्या शब्दांना तयार नव्हती.

दार उघडल्यावर गुरुदासनं विचारलं, "काय झालं?" सुविधा म्हणाली, "जखम खोल होती. मला आधी उघडायला हवी होती." एवढंच. दोष स्वतःवर घेऊन ती हात धुवायला गेली.

त्यानंतर चंद्रावतीनं भिरंडेलाचा डबा माळ्यावर टाकला आणि नुसतं सांगितलं तेवढं केलं. आठ दिवसांत वास गेला. पंधरा दिवसांत इन्स्पेक्टरनं डोळा उघडला, आधी एक, मग दुसरा. चतुर्थीनंतर एका सकाळी ती अंगणात गेली तर त्याच्या अंगावरची जुनी कातडी पापडासारखी सुटत होती आणि खालून कोवळा हिरवा रंग दिसत होता. पायाचा चट्टा नव्हता. दोन बोटं नव्हती, पण उरलेल्या बोटांनी त्यानं फांदी घट्ट धरली होती. तिच्यासमोर त्यानं एक नाकतोडा खाल्ला. चंद्रावती जास्वंदीखाली बसून देवाचं, डॉक्टरणीचं, सोनाराचं, जे नाव आठवेल त्याचं नाव घेत राहिली. भाजी त्या दिवशी करपली आणि कुणी कुरकुर केली नाही.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण बाजार गप्प बसला तर तो बाजार कसला? आठवडाभरात डिचोलीत एकच बोलवा झाली: डॉक्टरणीच्या औषधानं इन्स्पेक्टरची बोटं गेली, आणि चंद्रावतीच्या भिरंडेलानं त्याचा जीव वाचला. कुणी सांगितलं? कुणीच नाही. लोकांनी आपापसात ठरवूनच टाकलं. आजार रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात, इथे बरं केलं एकीनं आणि नाव झालं दुसरीचं. साखळीहून, वाळपईहून माणसं भिरंडेल मागायला आली. आणि दवाखान्यात म्हैस आणणारे विचारायला लागले, "जुने डॉक्टर परत कधी येतले?"

चंद्रावतीनं आधी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. झाकली मूठ होती, आणि मुठीत तिचं आयुष्यभराचं नाव होतं. मग एका दुपारी सुविधा स्वतः दुकानात आली. इन्स्पेक्टरला बघितलं, भाजीपाव मागवला. शेजारच्या बाकावरून एकजण मोठ्यानं म्हणाला, "डॉक्टरबाई, आमच्या चंद्रावतीकडे शिका जरा! तुम्ही कापलां, तिणां सांधलां." लोक हसले. सुविधाही हसली. "खरं आहे," ती म्हणाली, आणि आणखी एक चहा मागितला. चंद्रावतीकडे तिनं बघितलंसुद्धा नाही, की उगाच तिला अवघडल्यासारखं होईल. तो कप देताना चंद्रावतीच्या हातातून अर्धा चहा बशीत सांडला.

संध्याकाळी ती नारायणदादाकडे गेली. नारायणदादा देवळात गाऱ्हाणं घालायचे. आमच्याकडे देवाकडे काही मागायचं असो की देवाचे उपकार मानायचे असोत, नारळ ठेवून असा जाणता माणूस सगळ्यांच्या वतीनं बोलतो आणि जमलेले लोक "व्हय म्हाराजा" म्हणून साथ देतात. इन्स्पेक्टर बरा झाला तर नारळ ठेवीन असं चंद्रावती बोलली होतीच. "सरड्याचां गाऱ्हाणां?" नारायणदादा म्हणाले. "सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतत, तुझो देवापर्यंत पोचलो मगे!" पण आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानासमोर सगळा बाजार जमला. सोनार आला, महादेव ट्रक लावून आला, गुरुदास आला, त्या तीन बाया आल्या. सुविधाला चंद्रावतीनं स्वतः जाऊन आणलं आणि पुढे उभं केलं. केळीच्या पानावर नारळ ठेवला. नारायणदादांनी डोकीला टॉवेल गुंडाळला आणि आवाज लावला.

"बा देवा रवळनाथा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ही जी कृष्णनाथाची घरवाली, तुझी लेक चंद्रावती, आज तुझ्या पायांकडे नारळ ठेवता, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तिच्या दुकानातलो जो मुको जीव, तेका तू बरो केलंस, तसोच तो सुखात ठेव, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"कळत नकळत काय चुकला-माकला आसात, तर..."

"थांबा, दादा," चंद्रावती म्हणाली.

गाऱ्हाण्याच्या मध्ये बोललेलं नारायणदादांनी जन्मात ऐकलं नव्हतं. त्यांचा हात नारळावर तसाच राहिला.

"नकळत म्हणा नकात. माका कळत होतां." चंद्रावतीनं पदर घट्ट धरला होता, पण आवाज खाली आला नाही. "ह्या मुक्या जिवाक सडवलंय तां माझ्या भिरंडेलान. ह्या चेडवान माका दोनदा इचारलां, आणि माझां नाव जायत म्हणान मी दोनदा खोटां बोललंय. जी बोटां गेली ती माझ्यामुळे गेली. जो जीव ऱ्हवलो तो हिच्यामुळे ऱ्हवलो. तुमी सगळे उलटां बोललात, तेवाय मी गप ऱ्हवलंय, आणि ही माझ्या दुकानात बसान माझ्यासाठी हसली. तां देवाक सांगा. आणि माझ्यावर हिचे उपकार आसत, तांय सांगा."

महादेवनं मान खाली घातली. नारायणदादांनी नारळावरचा हात न काढता गाऱ्हाणं पुढे घेतलं, पण नेहमीचे शब्द बाजूला ठेवून.

"बा देवा म्हाराजा! ह्या तुझ्या लेकीकडसून कळत चूक झाली. ती आज चार माणसांत पदर पसरून उभी आसा. जिचो अपराध झालो तीय हंयच उभी आसा. तां चुकलेलां पोटात घालूचां, म्हाराजा!"

साथ द्यायची ती सगळ्यांनी. पण ह्या वेळी कुणाचंच तोंड उघडेना, कारण उत्तर कुणी द्यायचं ते सगळ्यांना समजलं होतं. चंद्रावती नारळाकडे बघत उभी होती.

"व्हय म्हाराजा," सुविधा म्हणाली. तिनं हात पुढे करून चंद्रावतीचा हात धरला, आणि मग मागून सगळा बाजार एका आवाजात म्हणाला.